तळटीप

सभागृहाच्या चाव्या माझ्याकडे असतात.
एकतीस वर्षं. दिवे, माईक, पाण्याचे पेले,
आणि हिवाळ्यात कुरकुरणारा तो रेडिएटर,
ज्याला फक्त माझी लाथ कळते.
पीएचडीची जाहीर परीक्षा असली
की दार सताड उघडं ठेवायचं, हा इथला नियम.
कुणीही यावं. कुणीही विचारावं.
येतात बहुधा आईवडील, मावश्या,
आणि फुकटच्या चीजसाठी पहिल्या वर्षाची पोरं.

त्या गुरुवारी सिहाम बूताहेरची पाळी होती.
बाहेर ब्रुसेल्सची भुरभुर, छत्री उघडावी इतकीही नाही.
विषय: शहराखाली गाडलेली नदी.
दीडशे वर्षांपूर्वी तिला विटांच्या कमानींखाली ढकललं,
वर रुंद रस्ते काढले, रस्त्यांवर कॅफे मांडले.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
झाकल्या नदीला कुणी भाव विचारत नाही.
सिहामने विचारला. चार वर्षं,
मांडीपर्यंत बूट, कपाळावर दिवा, बाटल्यांवर तारखा.
निष्कर्ष स्वच्छ:
झाकलेल्या पट्ट्यात प्राणवायू नाही. मासा जगणं अशक्य.

परीक्षकांनी खोदून विचारलं. ती डगमगली नाही.
मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, सवयीने, घड्याळ बघत,
"श्रोत्यांपैकी कुणाला काही?"
आणि शेवटच्या रांगेत एक खुर्ची करकरली.

फॉन्स केरेमान्स. गटारखात्यातून निवृत्त.
टोपी हातात, चर्चमध्ये आल्यासारखी.
त्याला कुणी सांगितलं नसावं, की या इमारतीत
गुडघे टेकायची जागा मुद्दामच ठेवलेली नाही.
"बाईसाहेब, मी मासा पाहिलाय.
अठ्ठ्याण्णव साली. सतरा नंबरच्या जाळीखाली.
एवढा." त्याने दोन बोटं ताणली.
पोरं हसली. एक परीक्षक चष्मा पुसू लागला.

सिहाम हसली नाही.
"पाठीवर काटे होते?"
"होते. उचलायला गेलो, बोट चिरलं."
"महिना?"
"ऑक्टोबर. आमची मुलगी झाली त्या आठवड्यात."

मग तिने स्वतःचाच जाडजूड प्रबंध
परक्याचा असावा तसा मागून चाळला.
पुरवणी, तक्ता सात, तळटीप,
इतक्या बारीक अक्षरांत
की कुणी वाचू नये असं लिहिणाऱ्यालाच वाटत असावं.
"ठिकाण सतरा," ती वाचू लागली,
"प्राणवायू जास्त आढळला. उपकरणाचा दोष. वगळलं."

रेडिएटरसुद्धा गप्प.

"दोष होता का, ते मी तपासलं नाही," ती म्हणाली.
"वगळलं, कारण जुळत नव्हतं."

पहिल्या रांगेत तिची आई. तिला डच येत नाही,
चेहरे वाचता येतात.
मांडीवरचा शेबाकियाचा डबा तिने घट्ट धरला.

परीक्षक आत गेले. एरवी दहा मिनिटं लागतात,
त्या दिवशी पन्नास. मी दोनदा कॉफी नेली.
दाराआड टेबलावर कुणीतरी मूठ आपटत होतं;
कुणाच्या बाजूने, ते माझ्या चाव्यांसोबत राहील.
पदवी दिली. शेरा लिहिला: निष्कर्ष अपुरा.
सिहामने तो मोठ्याने वाचला,
आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

नंतर, चीज आणि शेबाकियाच्या गर्दीत,
फॉन्सने कागदी रुमालावर नकाशा काढला.
एका वळणावर मोहरी सांडली.
तेच वळण महत्त्वाचं, असं तो सांगत राहिला.

मार्चमध्ये दोघं खाली उतरली. म्हातारा पुढे.
काय सापडलं, मी विचारलं.
"अजून तपासतोय," ती म्हणाली, "कुठे बोलू नका."
म्हणून बोलत नाही.

फक्त ट्रामची वाट बघताना
मी हल्ली जाळीवर उभा राहत नाही.
थोडा बाजूला सरतो,
खाली उजेड जावा म्हणून.